वसतिगृहातला शिस्तभंग: माफीनामा नको, कार्यपद्धती द्या

मा. उच्च व तंत्र शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य
यांस सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या वसतिगृहात मारामारी झाली, दारू सापडली, की पुढचं ठरलेलं असतं. रेक्टर मुलांना केबिनमध्ये बोलावतात, माफीनामा लिहून घेतात, घरी फोन लावतात. प्रकरण गाजलं तर मुलगा त्याच संध्याकाळी सामानासकट गेटबाहेर. तक्रार करणारा, चौकशी करणारा आणि शिक्षा देणारा माणूस एकच. अशी शिक्षा मुलांना पटत नाही आणि अपिलात टिकत नाही. आमची मागणी कडक नियमांची नाही. सर्व विद्यापीठांना लागू होणारी एकच लेखी कार्यपद्धती शासन निर्णयाने यावी, एवढंच म्हणणं आहे.

खरी गफलत पहिल्या रात्रीच होते. कंत्राटी सुरक्षारक्षक एकटा खोलीत शिरतो, बाटली उचलून केबिनमध्ये आणून ठेवतो. खोलीत तिघे राहतात. बाटली कोणाच्या कॉटखाली होती हे सकाळी कोणालाच सांगता येत नाही. म्हणून खोलीत दोघांनी जावं, मुलींच्या वसतिगृहात दोघीही स्त्रिया असाव्यात. झडती खोलीतल्या मुलांसमोर घ्यावी, वस्तू जागेवर असतानाच फोटो काढावा, वेळ आणि हजर असलेल्यांची नावं पानांवर क्रमांक असलेल्या नोंदवहीत लिहावीत. कोणाला लागलं असेल तर आधी दवाखाना. जबाब रात्री दीड वाजता घेऊ नये. नशेत किंवा भीतीपोटी लिहिलेलं मुलगा उद्या नाकारणारच. सकाळी घ्यावा, त्याच्याच हस्ताक्षरात, मजकूर न सांगता.

सीसीटीव्हीचं फुटेज २४ तासांत उतरवून घ्यावं, कारण हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे फुटेज साठवणारं यंत्र, जुनं पुसत जातो. त्याचं घड्याळही बऱ्याचदा मागेपुढे असतं. फुटेज काढतानाच मोबाइलच्या वेळेशी ताडून फरक नोंदवला नाही, तर ‘मी तेव्हा मेसमध्ये होतो’ याला उत्तर उरत नाही.

रॅगिंग, लैंगिक छळ, जातिवाचक शिवीगाळ, अमली पदार्थ हे प्रकार मिटवण्याचा अधिकार रेक्टरला नाहीच. राज्याच्या १९९९ च्या रॅगिंगविरोधी कायद्यानुसार संस्थाप्रमुखाने तक्रार आल्यापासून ७ दिवसांत चौकशी करायची, प्रथमदर्शनी तथ्य दिसलं तर निलंबन करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. टाळाटाळ केली तर तोच गुन्ह्याला साथ देणारा मानला जातो. लैंगिक छळाची तक्रार त्यासाठीच संस्थेत नेमलेल्या अंतर्गत समितीकडेच जायला हवी. तरीही ‘आपसात मिटवा’ चालू राहतं, आणि सुरक्षिततेच्या नावाखाली खोली बदलली जाते ती तक्रारदाराची. हा अन्याय आहे. हलवायचं तर आरोप असलेल्याला, चौकशी संपेपर्यंत दुसऱ्या इमारतीत.

साक्षीदार पुढे येत नाहीत, कारण रात्री त्याच मजल्यावर झोपायचं असतं. यावर सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्येच हिरानाथ मिश्रा प्रकरणात वाट दाखवली आहे. रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या मुलींचे जबाब आरोपी मुलांच्या गैरहजेरीत घेतले गेले होते. मुलांना आरोप कळवून खुलाशाची संधी दिली होती, म्हणून न्यायालयाने ती चौकशी वैध ठरवली. साक्षीदाराचं नाव झाकता येतं, आरोप मात्र लेखी द्यावाच लागतो.

मजल्यावरचं बेसिन फुटलं म्हणून सगळ्या खोल्यांवर दंड लावणं बंद व्हावं. निरपराध मुलं पैसे भरतात आणि पुढच्या वेळी कोणी तोंड उघडत नाही. वसुली दुरुस्तीच्या बिलाइतकीच, पावतीसह. तसंच, सज्ञान विद्यार्थ्याच्या घरी फोन कधी करायचा हे नियमात लिहा. गेटवर वीस मिनिटं उशिरा आलेल्या मुलीच्या घरी गेलेला फोन तिचं शिक्षण थांबवू शकतो. ती शिक्षा कोणत्याच नियमावलीत नाही.

वसतिगृहातून काढणं म्हणजे महाविद्यालयातून काढणं नव्हे, पण मराठवाड्यातून किंवा गडचिरोलीहून आलेल्या मुलाला शहरात दुसरी जागा परवडत नाही, तेव्हा परिणाम तोच होतो. धोका तातडीचा नसेल तर किमान ४८ तासांची लेखी नोटीस, परीक्षा सुरू असेल तर शेवटच्या पेपरपर्यंत मुक्काम आणि मेस, आणि घटनेशी संबंध नसलेल्या तिघांच्या समितीकडे अपील, एवढं बंधनकारक करावं. रात्रपाळीला पूर्णवेळ सहायक रेक्टरचं पद मंजूर झालं नाही, तर यातलं पहिल्या रात्रीचं काहीच होणार नाही. ते पद आधी द्यावं. नवे प्रवेश सुरू होण्यापूर्वी शासन निर्णय निघावा, ही विनंती.

आपले,
वसतिगृहांचं काम पाहणारे प्राध्यापक व रेक्टर