पिकअपचं मायलेज आणि डिझेलच्या नळीवरचं लोहचुंबक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगावहून म्हापशाला भाजी आणणाऱ्या आम्हा पिकअपवाल्यांना डिझेलचा खर्च किती टोचतो ते वेगळं सांगायला नको, आणि त्याचाच फायदा घेऊन हल्ली ॲक्सेसरीच्या दुकानांत काहीही खपवतात. सध्या जोर आहे तो डिझेलच्या नळीला बांधायच्या लोहचुंबकाचा. त्याने म्हणे डिझेल नीट जळतं. ओळखीच्या एकाच्या गाडीला बघितलं, दोन केबल टायने आवळून बसवलेलं, वर तेल आणि धुळीचा थर, मायलेज होतं तेवढंच. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने असली शंभरावर उपकरणं तपासलीत, बहुतेकांचा काडीचा फायदा दिसला नाही, तरी आपल्याकडे विक्री जोरात.

दुसरं खूळ म्हणजे रिकाम्या गाडीचा फाळका खाली सोडून पळवायची, वारा आरपार निघून जातो म्हणून. खरं तर उलटंच आहे, फाळका बंद असला की हौद्यात हवेचा भोवरा बसतो आणि केबिनवरून आलेला वारा त्याच्यावरून सरकत मागे जातो, फाळका सोडला की तो भोवराच मोडतो. शिवाय मागचे दिवे नि नंबरप्लेट झाकली जाते ते वेगळं. वाऱ्याचंच बघायचं तर ताडपत्री बघा ना! दोरी सैल सोडलेली, कोपरे फडफडतायत, प्रत्येक फडफडीला इंजिन जोर लावतंय. चारी बाजूंनी ताणून बांधली, केबिनवरचं रिकामं कॅरियर उतरवलं की झालं. आणि स्पीड! 60 वरून 80 ला गेलात की वाऱ्याचा रेटा पावणेदोन पट होतो, पत्रादेवी ते म्हापसा हायवेवर त्याने वाचून वाचणार किती, पाच मिनिटं.

चोर्ला घाट उतरताना न्यूट्रल मारणाऱ्यांना तर हात जोडावेसे वाटतात. आताच्या कॉमन रेल (डिझेल किती सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो अशा) इंजिनात गाडी गियरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल आपोआप बंद होतं, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते जळतच राहतं, म्हणजे बचत नाहीच आणि भरल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर, ते तापले की केरीच्या खालच्या वळणावर काय होईल ते देवालाच माहीत.

इंजिनाची ताकद वाढवायची चिप बसवणं, ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवून प्रदूषण कमी करणारी यंत्रणा) बंद करणं हे तर थेट कायद्यात अडकतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसी बुकात नोंदलेल्या गाडीत परस्पर बदल करता येत नाही, 2019 च्या दुरुस्तीनंतर एकेका बदलाला 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर दोन्ही. पुढचे ते जाडजूड क्रॅश गार्ड केंद्राने 2017 च्या डिसेंबरातच बंद करायला सांगितले होते, तरी आपल्याकडे अर्ध्या पिकअप ते लोखंड मिरवत फिरतात, वजन वाढतं ते वाढतं आणि धडक बसली तर समोरच्याची हाडं मोडतात.

खरा पैसा वाचतो तो टायरच्या हवेत. ड्रायव्हरच्या दाराजवळ बहुतेक गाड्यांना स्टिकर असतो, रिकाम्या गाडीला किती, लोडला किती, पण वाचतो कोण? हवा कमी असली की टायरच्या दोन्ही कडा झिजतात नि मधली नक्षी नवीकोरी राहते, पंक्चरवाल्याकडे पडलेले जुने टायर उचलून बघा, सगळे असलेच.

पंपावर हवा फुकट द्यायची असते, पण माझ्या रोजच्या रस्त्यावरच्या एका पंपावर "मशीन बंद आहे" ही पाटी कायमचीच, पाटीच जुनी होऊन पुसट झालीय. पुरवठा खात्याने पंप तपासताना हे मशीन चालतंय की नाही एवढं तरी बघावं, आणि फिटनेसला गाडी आणली की आरटीओने काय बसवलेलं चालतं, काय नाही, याचा मराठी-कोंकणीतला एक कागद ड्रायव्हरच्या हातात द्यावा. आपणही चुंबकाच्या जाहिराती आल्या तर छापण्याआधी विक्रेत्याकडे चाचणीचा रिपोर्ट मागावा ही विनंती.

आपला,
एक पिकअपवाला, साखळी