करंगाचा मुक्काम परत द्या, नाहीतर आमचे पैसे परत द्या

दिनांक : ९ जुलै २०२५
प्रति,
व्यवस्थापक, परदेश सहल विभाग

विषय : ऑगस्टमधील टांझानियातील किलिमांजारो चढाई व सेरेंगेटी सफारी, दोन जागा. आम्हाला न विचारता बदललेला कार्यक्रम पूर्ववत करणे, अन्यथा भरलेली संपूर्ण रक्कम परत करणे.

महोदय,

काल दुपारी तुमच्या कार्यालयाशी झालेलं बोलणं हे या प्रकरणातलं अकरावं. त्यानंतर रात्री मला झोप लागली नाही, म्हणून आता सगळं लिहूनच देते. फोनवर सांगितलेलं तुमच्याकडे टिकत नाही. दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी "मॅडम, जरा पहिल्यापासून सांगाल का?"

पहिल्यापासून सांगत बसणार नाही, फाइल तुमच्याकडे आहे. काय ठरलं होतं तेवढंच लिहिते. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी माझे आणि माझ्या धाकट्या भावाचे पैसे भरले. किलिमांजारोचा मचामे मार्ग, सात दिवस. ४ ऑगस्टला चालायला सुरुवात. मचामे, शिरा, बरांको, करंगा, बराफू असे पाच मुक्काम. ८ तारखेच्या मध्यरात्री बराफूहून निघून ९ च्या सकाळी उहुरू हे सर्वात उंच शिखर. त्या रात्री म्वेका कॅम्प आणि १० ला पायथा. ११ ला पायथ्याच्या मोशी शहरात पूर्ण दिवस विश्रांती. १२ पासून सफारी : तारांगिरे, न्गोरोंगोरोचं विवर, मग उत्तर सेरेंगेटीत मारा नदीकाठच्या कोगातेंदेला तीन रात्री, आणि तिथून छोट्या विमानाने अरुशा. माणशी ४ लाख ८५ हजार.

९ ऑगस्ट ही तारीख आम्ही सहज निवडलेली नाही. त्या दिवशी राखी पौर्णिमा आहे. शिखराच्या रात्री डोक्यावर चंद्र असावा ही एक गोष्ट, आणि भावाला राखी त्या माथ्यावर बांधायची ही दुसरी. मी अठ्ठावन्न वर्षांची, तो बावन्नचा. आई गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून ठरवलेली ही पहिली गोष्ट. तुमच्या माणसाने तेव्हा काय सांगितलं होतं? "पौर्णिमेच्या तारखांना आणि ऑगस्टच्या सफारीला तुफान मागणी असते, आत्ता पैसे भरलेत तरच जागा मिळेल." आम्ही भरले. मार्चमध्ये दुसरा हप्ताही भरला. ९ लाख ७० हजारांपैकी ७ लाख ७० हजार आजमितीला तुमच्याकडे आहेत.

आणि २७ जूनला ईमेलवर एक 'सुधारित कार्यक्रम' येऊन पडला. आधी फोन नाही, विचारणं नाही. चढाई सात दिवसांची सहा झाली, करंगाचा मुक्काम नाहीसा. मोशीतला विश्रांतीचा दिवस नाहीसा; १० ला पर्वतावरून उतरायचं आणि ११ ला पहाटे साडेपाचला जीपमध्ये बसायचं. कोगातेंदेच्या जागी सेरोनेरा. विमानाच्या जागी जीप. सहल दोन दिवसांनी लहान झाली आणि किंमत होती तेवढीच राहिली. किलिमांजारोवर उद्यानाची फी दर दिवसाची आणि कॅम्पची फी दर रात्रीची लागते, हे तुम्हाला माहीत आहे. एक मुक्काम कापला की ती वाचते. ती वाचलेली रक्कम कोणाच्या खिशात गेली, हे अकरा फोनांत मला एकानेही सांगितलेलं नाही.

आता कालचं बोलणं. ते मी शब्दशः लिहिते आहे, कारण ते ऐकताना समोर वही होती.

सतरा मिनिटं तुमच्या सहलींची जाहिरात ऐकवल्यावर एक गृहस्थ फोनवर आले. स्वतःला त्यांनी 'सीनियर डेस्टिनेशन एक्स्पर्ट' म्हणवलं. मी करंगाबद्दल विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, सातचे सहा दिवस झाले तर बिघडलं काय? तुम्ही नाशिकच्या ना? कळसूबाई तर तुम्ही एका दिवसातच करता." मी म्हटलं, कळसूबाई १,६४६ मीटर आहे. किलिमांजारो ५,८९५ मीटर आहे. त्यावर ते हसले. "म्हणजे साडेतीन कळसूबाई. सहा दिवस भरपूर झाले."

मी एकतीस वर्षं महाविद्यालयात भूगोल शिकवला. उंची अशी भागून मोजत नाहीत, हे मी अकरावीच्या मुलांनाही समजावलं आहे. वर हवा विरळ होते. शिखरावर प्रत्येक श्वासाला समुद्रसपाटीच्या जेमतेम निम्मा प्राणवायू मिळतो. शरीराला त्याची सवय व्हायला रात्री लागतात, पाय कितीही दणकट असोत. म्हणून तर तिसऱ्या दिवशी ४,६०० मीटरवरच्या लाव्हा टॉवरपर्यंत चढवून संध्याकाळी पुन्हा बरांकोला चार हजारांच्या खाली झोपायला आणतात. आणि म्हणूनच करंगा. करंगाचा मुक्काम असेल तर बराफूला दुपारपर्यंत पोचता येतं, जेवता येतं, पाठ टेकता येते. करंगा काढला की बरांकोची भिंत चढून, करंगाची दरी ओलांडून त्याच दिवशी थेट बराफू गाठायचं, चार तास तंबूत आडवं व्हायचं आणि मध्यरात्री उठून शिखराकडे निघायचं. तेसुद्धा त्याच दिवशी शिखरावरून पुन्हा म्वेकापर्यंत उतरायचं आहे हे माहीत असताना.

हे सगळं मी त्यांना सांगितलं. भावाबद्दलही सांगितलं. २०१८ मध्ये आम्ही विमानाने थेट लेहला उतरलो, दुसऱ्याच दिवशी खारदुंगला गेलो, आणि तिथे त्याला उलट्या सुरू होऊन ऑक्सिजन लावावा लागला. ही गोष्ट नोव्हेंबरच्या तुमच्या वैद्यकीय फॉर्मवर लिहिलेली आहे, आणि ती वाचूनच तुमच्या माणसाने "मग सात दिवसांचाच घ्या" असं सुचवलं होतं. सात दिवस हा माझा हट्ट नव्हता, तुमचा सल्ला होता.

त्यावर उत्तर आलं, "मॅडम, गुगल वाचून टेन्शन घेऊ नका." आणि पुढे, मी थांबायला सांगत असताना, "आणि खरं सांगू का, या वयात सगळेच काही टॉपपर्यंत जात नाहीत. बरेच जण मधूनच फोटो काढून परत येतात. मग एका दिवसासाठी कशाला एवढं?"

मी काही क्षण बोललेच नाही. आठ महिने मी रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या पाठीवर आठ किलो घेऊन चढते आहे. दर रविवारी अंजनेरी किंवा ब्रह्मगिरी. मेच्या उन्हात साल्हेर केला. माझं शरीर कुठपर्यंत जाईल हे मला माहीत नाही, पर्वत परत फिरवील तर मी मुकाट्याने परत फिरेन. पण तो निर्णय पर्वताचा, माझ्या श्वासाचा आणि सोबतच्या गाइडचा. मुंबईत फोनवर बसलेल्या माणसाने मी वर पोचणारच नाही असं गृहीत धरून माझा मुक्काम कापायचा?

शेवटी ते म्हणाले, "घरात सर असतील तर त्यांना फोन द्या, मी त्यांना समजावतो."

घरात सर नाहीत. पैसे माझ्या निवृत्तीच्या रकमेतून गेले आहेत, सही माझी आहे, पासपोर्टही माझा आहे. हे वाक्य तुमच्या कंपनीत कोणाला चालत असेल तर तसं मला लेखी कळवा.

सफारीबद्दलही तेच. "मॅडम, सेरेंगेटी ती सेरेंगेटीच, इथं काय नि तिथं काय." सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान चौदा हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. ऑगस्टमध्ये वाइल्डबीस्टचे, म्हणजे तिथल्या मोठ्या हरणांचे, कळप उत्तरेला मारा नदीच्या दोन्ही बाजूंना असतात. म्हणून कोगातेंदे. सेरोनेरा मध्यभागी आहे, तिथून नदीवर जायचं म्हणजे चार-पाच तासांचा कच्चा रस्ता, आणि तेवढाच परत. सेरोनेराला मी नावं ठेवत नाही. सिंह आणि बिबटे तिथे बारमाही आहेत, आणि मुक्काम तिथला असता तर आम्ही आनंदाने गेलो असतो. पण आम्ही पैसे नदीकाठच्या तीन दिवसांचे भरले. कळप नदी ओलांडतील याची हमी मी कधीच मागितली नाही. ते कधी तासन्‌तास काठावर उभे राहतात आणि माघारी वळतात, हे मला माहीत आहे. हमी फक्त तिथे थांबायला मिळण्याची मागितली, आणि त्यासाठीच तर तीन रात्री होत्या.

उत्तरेच्या कॅम्पांमध्ये जागा नाही, पीक सीझन आहे, असं आता सांगता. पीक सीझन आहे हे तर तुम्हीच नोव्हेंबरमध्ये सांगितलंत आणि त्याच कारणाने पैसे घेतलेत. पर्वत आणि सफारी एकत्र करायची तर आधी उत्तरेचे तंबू धरायचे आणि मग मागे मोजत चढाईचा दिवस ठरवायचा, एवढं मलासुद्धा कळतं, कारण तंबू मोजके आणि मचामेची वाट रुंद. तुम्ही आमचे पैसे घेऊन जूनपर्यंत काहीच धरलं नाहीत. हा माझा संशय नाही. "लोकल एजंटला मेमध्ये मेल गेला होता," हे पाचव्या फोनवर तुमच्याच कार्यालयातल्या मुलीने मला सांगितलं. बिचारी प्रामाणिक होती. तिच्यावर कारवाई करू नका.

विमानाच्या जागी जीप दिल्याचं समर्थन "जीपमधून जास्त प्राणी दिसतात" असं केलं गेलं. विमानासाठी मऊ बॅग आणि पंधरा किलोंची मर्यादा, हे सगळं वाचून मी दोन मऊ बॅगा आणून ठेवल्या होत्या. असो, हे लहान आहे. शिखरावरून उतरून आलेल्या गुडघ्यांना दुसऱ्या पहाटे जीपमध्ये कोंबणं लहान नाही.

आणखी एक प्रश्न चार वेळा विचारला आणि चारही वेळा टोलवला गेला. तुमचा तिथला स्थानिक एजंट किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्टचा, म्हणजे हमालांना नीट वागवलं जातं का हे पाहणाऱ्या संस्थेचा, सहभागी आहे की नाही? आमचं सामान जो माणूस वाहणार त्याला पुरेशी मजुरी, तीन वेळा जेवण आणि झोपायला धड तंबू मिळतो का? पाठीवर वीस किलोंहून जास्त भार तर टाकत नाहीत ना? बराफूवर पाणी नाही, ते करंगाच्या ओढ्यातून वर वाहून न्यावं लागतं. करंगाचा मुक्काम कापता तेव्हा त्यांचाही दिवस लांबवता. यावर तुमचं उत्तर, "ते त्यांचं ते बघतील, मॅडम." मला हे उत्तर चालणार नाही.

मी तुमच्याकडेच का आले तेही सांगते. २००६ मध्ये आई-बाबांना चारधामला तुमच्याच कंपनीबरोबर पाठवलं होतं. केदारनाथच्या वाटेवर रामबाड्याला (तेव्हा रामबाडा होतं, २०१३ च्या पुरात ते वाहून गेलं) आईला धाप लागली. तुमचे टूर मॅनेजर बाकीच्यांना सहकाऱ्याबरोबर पुढे पाठवून तिच्याजवळ थांबले. म्हणाले, "आई, घाई नाही. देव कुठे जात नाही, आपण उद्या जाऊ." दुसऱ्या दिवशी तिला दर्शन घडवून आणलं. ही गोष्ट आई शेवटपर्यंत सांगत असे. नोव्हेंबरमध्ये पैसे भरताना माझ्या डोळ्यासमोर तुमचं माहितीपत्रक नव्हतं, तो माणूस होता. ज्या कंपनीने माझ्या आईला एक दिवस दिला, ती माझ्या भावाची एक रात्र कापते आहे, याचं मला पैशांपेक्षा जास्त वाईट वाटतं.

आता माझं म्हणणं. १८ नोव्हेंबरचा कार्यक्रम जसाच्या तसा, करंगाच्या मुक्कामासह आणि मोशीच्या विश्रांतीसह, लेखी मान्य करा. कोगातेंदेला तीन रात्री मिळत नसतील तर उत्तर सेरेंगेटीतच दुसरा कॅम्प द्या. तो महाग पडला तर फरक तुम्ही सोसा, कारण उशीर तुमचा आहे. यातलं काहीच जमणार नसेल तर ७ लाख ७० हजार रुपये, एक पैसाही न कापता, परत करा. बाकीचे दोन लाख १२ जुलैपर्यंत न भरल्यास बुकिंग रद्द होईल, असा मेसेज काल फोन ठेवल्यावर वीस मिनिटांत आला. कार्यक्रम पूर्ववत झाल्याचं पत्र हातात पडेपर्यंत ते दोन लाख मी भरणार नाही, आणि त्या कारणाने बुकिंग रद्द केलंत तर तो तुमचा करारभंग समजेन.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, आज सकाळी तक्रार नोंदवली आहे. १६ जुलैपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली नाशिकच्या जिल्हा आयोगात जाईन. या कायद्याने मला मुंबईला खेटे घालावे लागत नाहीत, मी राहते तिथेच दावा लावता येतो. नोव्हेंबरची पावती, सात दिवसांचा कार्यक्रम, वैद्यकीय फॉर्मची प्रत, २७ जूनचा ईमेल आणि अकरा फोनांच्या तारखा-वेळा सोबत जोडल्या आहेत.

उत्तर ईमेलवर द्या. फोन करणार असाल तर ज्याला करंगा कुठे आहे हे माहीत आहे अशाच माणसाला करायला सांगा, आणि त्याने माझ्याशीच बोलावं.

आपली,
दोन जागांची ग्राहक
नाशिक