वाकळीची घडी घालणाऱ्या दादास

दादा, नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या त्या मोठ्या हॉटेलात तुम्ही खोल्या आवरता. आम्ही निघालो तेव्हा तुमची ड्यूटी संपली होती, भेट राहून गेली. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

माझ्या आईला घृष्णेश्वराचं दर्शन घ्यायचं होतं आणि वेरूळचं कैलास लेणं बघायचं होतं. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडलेली कंबर आहे तिची. मऊ गादीवर ती कंबर रात्रभर ठणकते, म्हणून ती खालीच झोपते आणि कुठेही निघाली तरी पिशवीत स्वतःची वाकळ घेते. तिच्याच जुन्या लुगड्यांची, तिनेच शिवलेली.

याआधी एका नामांकित रिसॉर्टात तिने असंच खाली अंथरलं होतं. संध्याकाळी येऊन बघतो तर वाकळ मळक्या कपड्यांच्या प्लास्टिक पिशवीत कोंबलेली. विचारायला गेले तर काउंटरवरच्या मॅडम इंग्रजीत म्हणाल्या, आमच्याकडे ही पद्धत नाही. आईला इंग्रजी कळत नाही, पण माणसाचा चेहरा कळतो. त्या रात्री ती पलंगाच्या कडेला नुसती बसून राहिली. बिलात सेवाशुल्क मात्र न विचारता लावलेलं. ते असं आपोआप लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय आणि दिल्ली उच्च न्यायालयानेही २०२५ मध्ये ते उचलून धरलं. पण पैशांपेक्षा मला हेच विचारायचं होतं, की यातली सेवा कुठली?

त्यामुळे तुमच्याकडे आलो तेव्हा आईने वाकळ बाहेर काढलीच नाही. गालिच्यावर तशीच आडवी झाली. तुम्ही पाण्याच्या बाटल्या घेऊन आलात, तिला बघितलंत आणि मला काही न विचारता थेट तिच्याशी बोललात.

"माय, हितंच अंथरू का?"

"कुठला रे लेकरा तू?"

"कळंबकडला."

झालं. पिशवीतली वाकळ तिने आपल्या हाताने तुमच्याकडे दिली.

दुसऱ्या दिवशी वेरूळ झालं. अख्खा डोंगर वरून खाली फोडत नेऊन ते मंदिर कोरलंय. गाइडने राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचं नाव सांगितलं, तर आई म्हणाली, "अन् फोडणाऱ्यांची नावं?" त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळी खोलीत आलो. पलंग नीट लावलेला होता, त्याचं काही विशेष नाही. पण खाली आईचं अंथरूणही तसंच लावलेलं. पांढरी चादर, कोपरे आत खोचलेले, पायथ्याशी वाकळ, आणि तिची घडी अशी की लुगड्याचा काठ वर यावा. पलंगावरच्या उशीवर चॉकलेट ठेवतात ना, तसंच एक खालच्या उशीवरही. हे कुणी तुम्हाला सांगितलं नव्हतं. आईने त्या काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घरचं वळण हाय पोराला."

आपल्याकडे पाव्हणा आला की घरातली धड वाकळ आधी त्याच्याकडे जाते आणि घरचे फाटक्यात भागवतात. दुष्काळातसुद्धा हे मोडलं नाही. हॉटेलांना तारे देताना पर्यटन मंत्रालयाची माणसं खोली, न्हाणीघर, गरम पाणी सगळं तपासतात. म्हाताऱ्या बाईची लाज राखणारा माणूस तिथे कामाला आहे का, हे कुठल्या रकान्यात मांडायचं? त्या रिसॉर्टालाही तारे होतेच की.

निघताना मिळालेल्या फॉर्ममध्ये पोहण्याचा तलाव, वायफाय, नाश्ता, सगळ्यांसाठी चौकोन होते. मी ते सोडून मागच्या कोऱ्या बाजूवर तुमचं नाव आणि ही सगळी हकिगत लिहिली, आणि मॅनेजरसाहेबांच्या हातात दिली. पगारवाढीच्या वेळी त्यांना त्या कागदाची आठवण करून द्या.

तुमची,
मायची लेक