कडुनिंबाची ढोली

नागपूर, १२ मे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसतो आणि आईची हाक येते. आत्ता ती झोपली आहे, कूलरमध्ये पाणी भरून झालंय, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. म्हणून बसलो.

आईचं विचारलं होतंस. गुडघे कुरकुरतात, पण चालते-फिरते. विसरणं मात्र फार वाढलंय रे. परवा तिनं माझ्या मुलीला विचारलं, "तू कोणाची वं बाई?" पोरगी हसून "तुझीच" म्हणाली आणि स्वयंपाकघरात जाऊन रडत बसली. तिला हैदराबादला नोकरी लागली आहे, जूनमध्ये रुजू व्हायचंय. मला म्हणते, "बाबा, दिवाळीत मी येईन तेव्हा आजी मला ओळखेल ना?" काय सांगू तिला? डॉक्टरांचं म्हणणं, शक्यतो जागा बदलू नका, ओळखीच्या वस्तू जिथल्या तिथे राहू द्या.

आणि नेमकं तिथंच घोडं अडलंय. दादाला घर स्कीमला द्यायचंय, म्हणजे बिल्डर ते पाडून तिथं फ्लॅट बांधणार. पुण्याहून एक दिवसाआड फोन येतो. त्याच्यावर रागवावं तर तोही चुकीचं बोलत नाही. २३ सप्टेंबर २०२३ ची ती पहाट तुला फोनवर सांगितली होती, पण सगळी नाही सांगितली. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी घराघरांत शिरली. मी जागा झालो तेव्हा चप्पल पलंगाखालून तरंगत दारापाशी गेली होती. आईला पाठीवर घेऊन शेजाऱ्यांच्या गच्चीवर नेलं. कंबरेइतक्या पाण्यातून जाताना ती माझ्या कानाशी एकच म्हणत होती, "कणगीतले तांदूळ वर ठेव रे." कणगी काढून टाकून वीस वर्षं झाली होती. बाबांच्या वह्या, लग्नाचे फोटो, सगळा चिखल झाला. आजही रात्री पावसाचा आवाज आला की ती उठून दार चाचपते.

शिवाय सिमेंटचा रस्ता. जुना डांबरी न खोदता त्याच्यावरच ओतला. आता रस्ता आपल्या फाटकाच्या उंबऱ्यापेक्षा हातभर उंच आहे. साधी सर आली तरी पाणी आधी आमच्या अंगणात, मग नालीत. तक्रारी केल्या, अर्जाची पोच मिळाली, पुढे काही नाही. कंत्राटदारानं झाडांच्या बुंध्यापर्यंत सिमेंट लिंपलं होतं. आमच्या फाटकाबाहेरच्या करंजाभोवतीचं मी स्वतः छिन्नी-हातोडा घेऊन फोडलं. आता तिथं दीड हात माती मोकळी आहे, रोज बादलीभर पाणी घालतो.

तुमच्या घराच्या जागेवरची स्कीम पूर्ण झाली. चार मजले, खाली पार्किंग. आपण कैऱ्या लपवायचो ती पाण्याची टाकी कुठं होती, हेही आता नेमकं दाखवता येत नाही. माणसं चांगली आहेत रे. पूर आला त्या दिवशी त्यांच्याच पहिल्या मजल्यावरून आम्हाला चहा आला. पण ओळी-ओळीनं अशीच घरं जाताहेत. पूर्वी संध्याकाळी अंगणात सडा मारून खाटा टाकायचे, आता अंगण असलेली घरं बोटावर मोजण्याइतकी राहिलीत.

आता खरं सांगायचं ते सांगतो. मागच्या अंगणातला कडुनिंब आठवतो? दक्षिणेकडची मोठी फांदी वादळात मोडली होती, तिथं ढोली झाली आहे. मार्चअखेर राखी धनेश पक्ष्यांची एक जोडी तिथं येरझारा घालायला लागली. मग एक दिवस मादी आत गेली आणि आतून दार लिंपून घेतलं. बोटभर फट फक्त उघडी. तेव्हापासून नर दिवसातून कितीदा तरी येतो. फांदीवर बसतो, मान वाकडी करून इकडे-तिकडे बघतो, मग गळ्यातून एकेक उंबर वर काढून चोचीच्या टोकाशी आणतो आणि फटीत देतो. आतून चोचीचं नुसतं टोक दिसतं. सहा-सात उंबरं देऊन झाली की चोच खोडाला घासून उडून जातो. भर दुपारी, चव्वेचाळीसच्या उन्हातसुद्धा.

आईची खुर्ची मी मागच्या खिडकीशी ठेवली. तिला नातीचं नाव आठवत नाही, पण सकाळी उठल्याबरोबर विचारते, "आला का तो? तिनं खाल्लं का?" परवा नराला उशीर झाला तर चहा घेईना. आला तेव्हा मला म्हणाली, "तुझे बाबा पण असेच बाजारातून उशिरा यायचे." किती महिन्यांनी तिच्या तोंडून बाबांचं नाव निघालं!

स्कीमच्या नकाशात त्या झाडाच्या जागी जिना आहे. दादाला कालच फोन केला. म्हटलं, पिल्लं उडेपर्यंत मी सही करणार नाही आणि त्यानंतरही आई आहे तोवर नाही. पूर आला तर पुन्हा पाठीवर घेईन. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "व्हिडिओ पाठव त्या पक्ष्याचा." मुलीनं रात्रीच पाठवला. अजून त्याचं उत्तर नाही. माझं चुकतंय का रे? तू दोघांनाही ओळखतोस, मोकळेपणानं लिही.

मुलीबरोबर पहाटे सेमिनरी हिल्सला जातो सध्या, तिची जायची वेळ जवळ आली म्हणून. बहावा फुललाय. आईला एकदा मेट्रोनं सीताबर्डीपर्यंत नेऊन आणलं. वरून अंबाझरीचं पाणी दिसलं तर खिडकीला हात लावून बघत राहिली, घाबरली नाही.

वहिनींना नमस्कार सांग. २५ तारखेला नवतपा लागेल, ऊन फार असेल, तरी जमलं तर त्याआधी ये. पिल्लांचा आवाज आता फटीतून ऐकू यायला लागलाय. आई उठली, हाक मारतेय. नर आला असेल.

तुझाच,
जुना शेजारी