डबी हातात, गेम सर्व्हरवर

महोदय,
जून २०२५ मध्ये निन्टेन्डो स्विच २ हा गेम खेळायचा कन्सोल आला आणि सोबत 'गेम-की कार्ड' हा प्रकारही. डबीत कार्ड असते, पण त्यात गेम नसतोच. तो इंटरनेटवरून उतरवून घ्यायचा. वर खेळताना कार्ड यंत्रात खुपसलेले हवेच! जागा कमी पडली, तर जुने मायक्रोएसडी मेमरी कार्ड गेमसाठी चालत नाही, महागडे 'मायक्रोएसडी एक्सप्रेस' घ्या. ग्रिप, स्क्रीनची काच मी हौसेने घेतो. हा खर्च मात्र माथी मारलेला.

निन्टेन्डोच्याच थ्रीडीएस या जुन्या हातातल्या कन्सोलच्या ऑनलाइन दुकानातली खरेदी मार्च २०२३ मध्ये बंद झाली. पण गेम कार्डातच असल्याने माझी थ्रीडीएसची कार्डे आजही घातली की चालू होतात. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके फिरतात, तसे हे गेम मित्रांत फिरतात. की-कार्डही विकता येते म्हणा, पण सर्व्हर गेल्यावर ते घेणार कोण?

डबीवर सूचना छापलेली असते, हे खरे. पण कोथरूडमधल्या एका दुकानदाराला विचारले, तर "सगळं सारखंच असतं हो," म्हणून मोकळा! निदान विक्रेत्यांनी पैसे घेण्याआधी हे स्पष्ट सांगावे.

– एक गेमवेडा वाचक, पुणे