तलावाकाठच्या सापांविषयी

चि. नीरज यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तलावातल्या सापाची हकिगत हसत हसत सांगितलीस. साप होडीच्या दिशेने पोहत आला, तुझ्या मित्राने उभे राहून वल्ह्याचे दोन फटके मारले आणि साप बुडी मारून निसटला. त्या वेळी मी फारसे बोललो नाही, पण ते दोन फटके काही केल्या मनातून जाईनात, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तो साप तुमच्यावर चाल करून येत नव्हता. पोहून दमलेल्या सापाला होडी म्हणजे टेकायला मिळालेला ओंडका वाटतो, एवढाच त्याचा अर्थ. अशा वेळी होडी शांतपणे बाजूला घ्यावी आणि त्याला वाट द्यावी. फटका चुकला तर साप चिडतो, आणि डोलणाऱ्या होडीत उभा असलेला माणूस तोल जाऊन पाण्यात, तेही त्या सापाजवळच, पडू शकतो. साप पाण्याखालीही चावू शकतो, हे विसरू नकोस.

ज्याचे अंग पाण्यावर तरंगते तो विषारी आणि ज्याचे अंग पाण्याखाली असते तो बिनविषारी, ही तू सांगितलेली खूण अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉटनमाउथ या विषारी सापावरून आलेली आहे. तिथेसुद्धा ती खात्रीची नाही, कारण बिनविषारी सापही कधीकधी तसेच पोहतात. भारतीय उपखंडात तलावात बहुतेक वेळा दिसतो तो दिवड, म्हणजेच विरोळा. तो बिनविषारी असला तरी तापट आहे आणि डिवचल्यावर मान चपटी करून असा फुगतो की नवख्याला तो नागच वाटावा. उलट नागही उत्तम पोहतो आणि बेडकांच्या मागे काठापर्यंत येतो. त्यामुळे दिवडाला नाग समजलास तर काही बिघडत नाही, पण नागाला दिवड समजून हात पुढे केलास तर सगळेच बिघडते. दुरून बघून नाव ओळखण्याचा छंद जरूर ठेव. मात्र त्या ओळखीच्या भरवशावर एक पाऊलही पुढे टाकू नकोस.

माझ्यावर गुदरलेला प्रसंग तुला कधी सांगितला नव्हता. तू तेव्हा शाळेतही जात नव्हतास. उन्हे उतरली होती आणि माझा गळ काठच्या लव्हाळ्यात अडकला होता. दोरा बोटांनी चाचपत मी वाकून पुढे सरकत होतो आणि सारे लक्ष गळ कुठे गुंतला आहे याकडेच होते. तेवढ्यात शेजारून कुकरच्या शिट्टीसारखा, पण न थांबणारा आवाज आला. माझ्या डाव्या हातापासून जेमतेम दोन हातांवर घोणस वेटोळे घालून बसली होती. पाठीवर साखळीच्या कड्यांसारखे तपकिरी डाग, त्यांना काळी किनार, आणि प्रत्येक श्वासागणिक फुगणारे व आकसणारे ते जाड अंग मला आजही डोळ्यांपुढे दिसते. मी होतो तसाच थिजलो, मग इंच इंच मागे सरलो आणि दोरा तिथेच कापून टाकला. चूक माझीच होती. गळाला बसलेल्या माणसाची नजर पाण्यावर असते आणि हातपाय मोकाट फिरत असतात. सर्पदंश होतो तो अशाच बेसावध हातापायांना.

म्हणून उंच बूट घातल्याशिवाय काठावर उतरू नकोस. गवतात शिरण्यापूर्वी काठी आपटावी, कारण जमिनीची थरथर सापाला चटकन कळते आणि बहुतेक वेळा तो आपणहून दूर जातो. घोणस मात्र जागची हलेलच असे नाही, त्यामुळे काठी आपटल्यावरही खाली बघूनच पाऊल टाकावे. दगडांच्या कपारीत आणि झाडाच्या मुळ्यांत हात घालू नये. पकडलेले मासे दोरीत ओवून काठाशी पाण्यात सोडण्याची तुझी सवय मला पसंत नाही. त्या वासाने साप येतात आणि तू अंधारात तीच दोरी उचलतोस. मासे झाकणाच्या बादलीत ठेव. गळाला सापच लागला तर गळ सोडवण्याच्या भानगडीत न पडता दोरा लांबून कापावा; जाळ्यात अडकला असेल तर सर्पमित्राला बोलवावे. मेलेल्या सापालाही हात लावू नये, कारण तुटलेले डोकेसुद्धा काही काळ चावू शकते.

रात्री काठावर मुक्काम करणार असाल तर जमिनीवर उघड्यावर झोपू नका. मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश इतका हलका असतो की झोपलेल्याला कळतही नाही. काही तासांनी पापण्या जड होतात, गिळता येईनासे होते आणि पुढे श्वास अडतो. दुखत नाही म्हणून थांबून पाहणे हाच तिथे सर्वांत मोठा धोका आहे.

दंश झालाच तर अंगठी, घड्याळ काढावे, हात किंवा पाय फळी बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि थेट रुग्णालय गाठावे. आवळून दोरी बांधणे, जखम कापणे, विष चोखणे, बर्फ लावणे यांपैकी काहीही करू नये. सापाला पकडून नेण्याचीही गरज नसते. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवर एकच असते, आणि डॉक्टर लक्षणे व रक्ताची तपासणी यांवरूनच उपचार ठरवतात. थोडे रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवायचे. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय पक्का होतो. दंशाची वेळ तेवढी नक्की लक्षात ठेवावी.

हे पत्र तुझ्या त्या मित्रालाही वाचायला दे. माझे गमबूट आणि मोठी विजेरी मी कपाटातून काढून ठेवली आहेत. बूट तुला एक बोट सैल होतील, तेव्हा जाड मोजे घाल. जिथे जाणार त्या तलावापासून प्रतिसर्पविष असलेले सर्वांत जवळचे रुग्णालय कोणते, हे विचारून निघण्याआधी मला कळव.

तुझे,
बाबा