टेपवरच्या काळ्या रेघा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार. ऑपरेशन ठरलं की नातेवाईक सगळं विचारतात, भूल कोणती, टाके किती, घरी कधी सोडणार, पण इन्स्ट्रुमेंट्स स्टराइल, म्हणजे पूर्ण जंतुमुक्त, कशी करता हे विचारणारा माणूस मला ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या, एवढ्या वर्षांत भेटला नाही. म्हणून लिहितेय.

विचारलंच कोणी तर बहुतेक ठिकाणी पॅकवरची, म्हणजे इन्स्ट्रुमेंट्स कापडात बांधलेल्या गठ्ठ्यावरची, टेप दाखवतात, रेघा काळ्या झाल्यात बघा, म्हणजे झालं. अहो, ती टेप फक्त एवढंच सांगते की पॅक मशीनमधून जाऊन आलाय, आतल्या फोर्सेप्सपर्यंत (चिमट्यांपर्यंत) वाफ पोचली की नाही ते तिला काय माहीत! त्यासाठी पॅकच्या आत वेगळी इंडिकेटर पट्टी ठेवायची असते आणि अधूनमधून स्पोअर टेस्ट, म्हणजे चिवट जंतूंचे बीजाणू मुद्दाम मशीनमध्ये घालून ते मेले का बघायचं.

हे मशीन, ऑटोक्लेव्ह, म्हणजे मोठा प्रेशर कुकरच. साधं पाणी १०० डिग्रीला उकळतं, त्यात धनुर्वाताचे बीजाणू जगू शकतात, म्हणून "उकळून घेतलंय" हे उत्तर चालत नाही. दाबाखालची वाफ १२१ डिग्रीला जाते, व्हॅक्युमच्या मशीनमध्ये १३४ ला. पण ड्रम, म्हणजे आत ठेवायचा डबा, ठासून भरला, आत हवा अडकली, तर काटा बरोबर दाखवतो आणि मधला गठ्ठा तसाच राहतो.

आणि त्याच्याही आधी धुणं! खरी गोची तिथेच होते. आर्टरी फोर्सेप्सच्या बिजागरीत रक्त वाळलं की त्याखाली वाफ नीट पोचत नाही, मग कितीही वेळ फिरवा. वापरल्या वापरल्या ओलं ठेवायचं, बिजागरी उघडून ब्रशने घासायचं, आणि हे काम आपण देतो कोणाला तर नुकत्याच लागलेल्या मुलाला, ट्रेनिंग न देता. (दुर्बिणींचं तर विचारूच नका, त्या बारीक नळ्या आतून घासायला वेगळा ब्रश लागतो. ग्लुटारअल्डिहाइड या जंतुनाशक द्रवात २० मिनिटं बुडवलं की स्टराइल झालं असं अजून सर्रास म्हणतात, त्याला १० तास लागतात.)

ओटीतल्या माझ्या मैत्रिणींना एकच सांगणं, पॅक ओला निघाला तर टेप काळी असली तरी घेऊ नका. ओल्या कापडातून जंतू आत शिरतात. उघडा, कोरड्या कापडात बांधा, परत मशीनला लावा. ऑपरेशनची लिस्ट थांबली म्हणून सर्जन चिडतील, चिडू देत.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर